सावड की वेठ?

‘द गुड प्लेस’ नावाची अमेरिकन विनोदी मालिका २०१६ ते २०२० या काळात एनबीसी वाहिनीवर चालली. मेल्यानंतर माणसाचं काय होतं हा तिचा विषय, आणि तरी हसून हसून पोट दुखावं अशी. मायकल शूर यांनी रचलेल्या या जगात माणसाच्या बारीकसारीक कृतीलाही गुण मिळतात किंवा त्याचे गुण कापले जातात, आणि शेवटच्या बेरजेवर त्याची रवानगी वर की खाली ते ठरतं. आपल्या चित्रगुप्ताच्या हाताखाली हिशेबनिसांचं अख्खं खातं दिलंय म्हणा ना. जिवंतपणी हा हिशेब कुणाला ठाऊक नसतो. अपवाद एकाचा, कॅनडातल्या कॅलगरीच्या डग फॉर्सेटचा. तरुणपणी नशेच्या तारेत बडबडताना त्याने हा सगळा मामला ९२ टक्के बरोबर ओळखला, आणि तेव्हापासून तो निव्वळ गुण जमवत जगतोय.

तिसऱ्या सीझनमध्ये, नोव्हेंबर २०१८ च्या एका भागात, मायकल आणि त्याची सर्वज्ञ मदतनीस जॅनेट त्याला बघायला जातात. मायकल हा एकेकाळचा नरकातला अधिकारी, आता सुधारलेला. आदर्श आयुष्याचा नमुना बघायला मिळेल म्हणून तो खुशीत आहे. दिसतो तो एकटा, घाबरलेला म्हातारा. कुणाला तोशीस नको म्हणून स्वतः पिकवून खाणारा, स्वतःचंच मूत्र शुद्ध करून पिणारा. पायाखाली चुकून एक गोगलगाय चिरडते, तर तिचा अंत्यविधी करतो आणि प्रायश्चित्त म्हणून गोगलगायींच्या नावाने देणगी द्यायला पायी निघायची तयारी करतो. मध्येच एक टवाळ पोरगा येतो आणि डगला वाटेल तसं नाचवून जातो. डग निमूट ऐकतो. का, तर त्या पोराला आनंद होतोय. जॅनेट अशा माणसाला तत्त्वज्ञानातला एक शब्द वापरते, आपण त्याला ‘आनंदाचा पंप’ म्हणू: दुसऱ्याचं सुख वाढत असेल तर स्वतःला पार उपसून टाकणारा.

मायकल त्याला सांगून बघतो की बाबा, जरा सैल सोड, थोडं स्वतःसाठी जग. प्रेक्षकही एवढाच अर्थ घेऊन टीव्ही बंद करतात, की अति तिथे माती, इतकंही चांगलं असू नये. मला हे निदान अर्धवट वाटतं. सगळा दोष डगच्या स्वभावावर ढकलला की तो टवाळ पोरगा अलगद सुटतो, आणि माझं लक्ष त्या पोरावर आहे. मदतीला मर्यादा कुठे घालायची, हा मदत करणाऱ्याच्या मनाच्या कणखरपणाचा प्रश्न आपण करून ठेवलाय. खरं तर तो चावडीवरचा प्रश्न आहे. मदत करणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय आहे का? आणि तो जे देतो त्याची पावती नेमकी कोणाच्या नावाने फाटते?

आपल्या कोकणात बघा. लांजा, राजापूर, संगमेश्वर, कुठल्याही तालुक्यातली आतली वाडी घ्या. पंधरा-वीस घरं, त्यातली निम्म्याहून अधिक बंद. माणसं विरारला, दिव्याला, डोंबिवलीला. गणपतीला आणि शिमग्याला कुलपं उघडतात, मे महिन्यात पोरांच्या सुटीत काही उघडतात, एरवी वाडी तीन-चार चुलींवर चालते. त्यातल्या एका घरात पडवीच्या भिंतीला ओळीने खिळे मारलेले असतात आणि त्यांवर बंद घरांच्या किल्ल्या लटकत असतात. कुठे सुतळी, कुठे औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर बॉलपेनने लिहिलेलं नाव, एखादीला लग्नात वाटलेली देवीची किचेन. ज्याच्याकडे या किल्ल्या असतात तो पन्नाशीच्या आगेमागे असतो. मुंबईला जाऊन आलेला. कंपनी बंद पडली किंवा आईबापांजवळ कोणीतरी हवं म्हणून परतला, आणि मग राहिलाच.

पहिला पाऊस पडला की फोन सुरू होतात. ‘दादा, आमचं कौल कुठे सरकलंय का बघ ना जरा.’ वानरं रोज कौलांवर उड्या मारतात, तेव्हा सरकलेलं असतंच. तो शिडी लावतो. विजेचं बिल येतं, तो भरतो, पैसे ‘आलो की देतो’. घरपट्टी, पाणीपट्टी, सातबारा काढून व्हॉट्सॲपवर पाठव, दोन कलमं मोहरली का त्याचा फोटो टाक, मोजणीचा माणूस येतोय तेव्हा आमच्या वतीने हजर राहा. गणपतीच्या आधी घर उघडून जळमटं काढायची, पंप चालतो का बघायचं, भरलेला सिलिंडर आणून ठेवायचा. कुणाच्या म्हाताऱ्या आईला रात्री दम लागला तर त्याचीच रिक्षा निघते, कारण १०८ ची गाडी घाटी चढून येईस्तोवर घरच्यांना धीर धरवत नाही. डिझेल-पेट्रोलचं कोणी विचारत नाही आणि तोही काढत नाही.

या सगळ्याचं त्याला गणपतीत मिळतं काय? पेढ्यांचा पुडा, एक शर्टपीस आणि एक वाक्य: ‘तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत रे.’ म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण एकदा हे ऐकल्यावर त्या माणसाने नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? ज्या वर्षी म्हणेल त्या वर्षी तो ‘माजला’. इतकी वर्षं किल्ली सांभाळली हा विषय कुठल्याही सभेत निघत नाही. यंदा कौल बघितलं नाही आणि माजघराची भिंत भिजली, हा मात्र मुंबईकर गावकऱ्यांच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये हमखास निघतो. आणि त्याच्या बायकोचा तर कुठे उल्लेखच नाही. पावसाळ्यात तो दुसऱ्याच्या कौलावर असतो तेव्हा स्वतःच्या शेतात चिखलात उभी असते ती. ‘वहिनी, चहा टाका’ हेही तिच्याच वाट्याला.

इथे कॅलगरीचा डग आणि आपला हा दादा वेगळे पडतात. डग एकटा होता, म्हणून त्याने स्वतःला उपसलं तर उपसला गेला तोच. कोकणातल्या वाडीत एकटं कोणी नसतं. इथे पंपाची मोटर एकाची आणि विहीर दुसऱ्याची असते.

आता कोणी म्हणेल, गावात एकमेकांना मदत करायची नाही तर काय करायचं? सगळ्याला दर लावायचा? शहरातल्या सोसायटीसारखं? या आक्षेपामागे एक समजूत आहे, की पूर्वीच्या गावात मदत बेहिशेबी होती आणि हिशेब हे नंतरचं पाप. साफ चूक. भातलावणीच्या दिवसांतली सावड आठवा, एकमेकांच्या शेतात फेडीने राबायची रीत. आज तुमच्या मळ्यात चार बाया आल्या तर त्या चार दिवसांचं देणं तुमच्यावर. तुम्हाला जमलं नाही तर घरातलं दुसरं माणूस पाठवायचं. जोत आणणाऱ्याचा दिवस आणि नुसत्या हातांचा दिवस सारखा धरत नसत. कागद नव्हता, पण म्हातारीकोतारी माणसं मागच्या सालचं सांगायची की अमक्याकडून एक दिवस यायचा राहिलाय. एखाद्या घरात कर्ता माणूस गेला तर तिथले दिवस सोडून द्यायचे, हेही वाडी मिळून ठरवायची, कोणा एकाच्या चांगुलपणावर टाकायची नाही. सावडीत प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? तीत गाणी होती, थट्टा होती, एकत्र जेवणं होती. आणि मोजमापही होतं. मोजमाप होतं म्हणूनच पुढच्या वर्षी पुन्हा बोलावता येत होतं.

ज्या मदतीला मोजमाप नव्हतं, परतफेड नव्हती आणि नकार द्यायची सोय नव्हती, तीही कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. ती खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या दारात चालायची. खोताच्या शेतात फुकट राबायचं, त्याच्याकडे लाकूडफाटा पोचवायचा, त्याच्या घरी कार्य असलं की हाकेसरशी हजर व्हायचं. वेठ ती हीच, आणि खोताच्या भाषेत तीही रीतभात, आपलेपणाच होता. त्या आपलेपणाविरुद्ध अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पड ठेवून संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधानसभेत १९३७ साली मांडलं, आणि कायदा यायला १९४९ साल उजाडलं. मला सावड आणि वेठ यांत एवढाच फरक दिसतो: पहिलीत उद्या ‘यंदा जमत नाही’ म्हणता येतं. किल्ल्यांच्या खिळ्यांकडे बघताना मला नेहमी वाटतं की आपण नाव सावडीचं घेतो आणि वागतो खोतासारखे. फक्त आताचा खोत मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहतो आणि स्वतःही कुणाची तरी वेठ करून दमून घरी येतो, म्हणून त्याला खोत म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मर्यादा घालून घेतलेल्या माणसांनी जगात काही मोठं उभं केलंय का? दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे घ्या. गावाच्या भल्यासाठी ‘मुरुड फंड’ जमवणारा माणूस. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं, तर त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तरी ते थांबले नाहीत. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. मिळवलं ते संस्थेत ओतलं, विम्याचे पैसेसुद्धा. अशा माणसाला कोणी हिशेबाची वही दाखवायची?

दाखवायची, आणि ती त्यांच्या घरातच दाखवली गेली होती. आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांनी त्या रित्या घराचा संसार ओढला, पोरंबाळं वाढवली, आणि वर संस्थेसाठी लोकांच्या दारी जाऊन पैसाही जमवला. घरचा पैसा असा परस्पर आश्रमाकडे गेल्यावर घरात जो त्रागा झाला, तो त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलाय, आणि अण्णांबद्दलचा आदर तसूभर कमी न करता. कर्व्यांचं काम त्यामुळे लहान होत नाही, होऊही नये. पण पुतळा एकाचा उभा राहतो आणि पावती दोघांच्या नावाने फाटलेली असते, एवढं तरी म्हणायला हरकत नसावी. शिवाय डगच्या आणि कर्व्यांच्या देण्यात एक फरक आहे. डगने दिलेलं त्या पोराच्या खिदळण्यात जिरून गेलं. कर्व्यांनी दिलेल्यातून संस्था उभी राहिली, म्हणजे त्यांच्यानंतर तेच काम पगारी माणसांनी, नियमाने, रजा घेऊन करायची सोय झाली. एका माणसाचा अमर्याद चांगुलपणा संपवायचा मार्ग त्यांनी स्वतःच काढला. मला वाटतं, त्यांचं हे श्रेय आपण पुरेसं ओळखत नाही.

सरकार मात्र उलट्या दिशेने चाललंय. पगारी असायला हवं ते काम चांगुलपणाच्या खात्यावर टाकायचं, ही आता रीतसर योजना असते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आली, साधारण हजार लोकांमागे एक. ती स्वयंसेविका. तेव्हा पगार ठरला नाही, ठरला तो कामागणिक मोबदला. पावसात सिंधुदुर्गात लेप्टोची साथ डोकं वर काढते तेव्हा घरोघर गोळ्या देत फिरते ती. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत प्रत्येक उंबऱ्यावर ताप मोजायला गेली तीही तीच, आणि कोकणात दोन उंबऱ्यांमध्ये एक पऱ्ह्या, म्हणजे ओढा, आणि एक चढण असते हे योजना आखणाऱ्यांच्या कागदावर दिसत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. २०२१ मध्येही आणि २०२३ मध्येही महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या, म्हणजे गौरवाच्या आधी आणि नंतरही मागणं तेच. त्यांच्या संपाच्या वेळी ‘या सेवाभावी बायकांनी तरी असं करू नये’ असा सूर मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकलाय. हा सूर म्हणजेच ‘तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त’. फक्त इथे तो वाडीऐवजी राज्य काढतं.

समुद्रावर तर हे जिवावर बेततं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावचे आठ. एक-दोन बुडाल्याच्या बातम्या तर दर मोसमात असतात. आरडाओरडा झाला की आधी धावतो तो जवळ जाळं साफ करत बसलेला, नाहीतर बोटवाला. त्याला कोणी नेमलेलं नसतं. भरतीची वेळ सांगितली होती, पाटी लावली होती, शिट्टीही मारली होती, तरी आत गेलेल्यांसाठी तो आत जातो. तो जाणार हे गृहीत धरायचं आणि विमा, दोर, तराफा, मानधन यातलं काही बघायचं नाही, ही आपल्या पर्यटन विकासाची तऱ्हा. शेजारी गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक ठेवले आहेत. आपल्याकडे अनेक ठिकाणी हा भार ग्रामपंचायतीवर, आणि ग्रामपंचायतीच्या हाती पार्किंगच्या पावत्यांचे पैसे. पाण्यात काम केलेला कोणीही सांगेल की बुडणाऱ्यासमोरून जायचं नसतं. तो मिठी मारतो आणि दोघं जातात. मागून जायचं, जमलं तर स्वतः न जाता दोर नाहीतर फळी टाकायची. हे शिकलेला जीवरक्षक कमी दयाळू असतो असं कोणी म्हणत नाही. मग गावातल्या दादाने दोन हात लांब राहून मदत केली की आपल्याला का बोचतं?

देणाऱ्याच्या बाजूनेच बोलत राहिलो तर अर्धी गोष्ट राहील, म्हणून थोडं घेणाऱ्यांचंही. ‘द गुड प्लेस’मध्येच पुढे एक झकास हिशेब येतो. १५३४ साली डग नावाच्याच एका भलत्या माणसाने आजीला गुलाब दिले, त्याचे गुण वाढले. २००९ साली दुसऱ्या डगने आजीला गुलाबच दिले, त्याचे गुण कापले गेले. कारण गुलाब मागवले तो फोन कुठल्याशा पिळवणुकीच्या कारखान्यातला, फुलांवर विषारी फवारणी, आणि असं बरंच काही त्या एका गुच्छाला चिकटलेलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली त्यानंतरचे दिवस आठवले की मला हा हिशेब पटतो. राज्यभरातून ट्रकच्या ट्रक आले. मनापासून आले, यात शंका नाही. त्यांतून उतरलं काय, तर हुक तुटलेले ब्लाउज, लहान पोराची शेरवानी, एकेकटे बूट. घराघरात गुडघाभर गाळ, आणि हवे होते फावडी, रबरी वायपर, गमबूट, फिनेल, गाळ ओढायला हात आणि दुकानाचं शटर उघडायला वेल्डर. कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजले आणि मग तो कचरा उचलायचं कामही पूरग्रस्तांवरच आलं. वर्षभर आधी, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हाही झाडं कापायच्या यंत्रांची आणि कौलांची गरज अन्नाच्या पाकिटांइतकीच मोठी होती. पाठवणाऱ्याने पाठवण्याआधी विचारायचं, आणि घेणाऱ्याने ‘हे नको’ म्हटलं तर रागवायचं नाही. ‘नाही’ म्हणायची सोय दोन्ही टोकांना लागते. पूरग्रस्ताने कपडे नाकारले की ‘यांचा माज बघा’ म्हणणारे आणि किल्ली परत करणाऱ्या दादाला माजला म्हणणारे एकाच जातकुळीचे.

तर करायचं काय? आशांना वेतनश्रेणी आणि किनाऱ्यांना पगारी जीवरक्षक, हे सरकारकडे मागायचं आहे आणि मागत राहायचं आहे, त्याला उपाय नाही. वाडीचं मात्र या गणपतीतही होऊ शकतं. प्रत्येक गावाचं मुंबई मंडळ असतं, त्याची वर्गणी असते, पावतीपुस्तक असतं, देवळाच्या रंगकामाला आणि साईबाबांच्या भंडाऱ्याला त्यातून पैसे निघतात. त्यात आणखी एक खातं घाला. बंद घरामागे महिन्याला ठरावीक रक्कम, बिलांसाठी आगाऊ ठेव, रात्रीच्या रिक्षेचा दर गावात जाहीर, आणि दादाला वर्षातून काही दिवस फोन बंद ठेवायची मुभा, त्या दिवसांत किल्ल्या कोणाकडे ते आधीच ठरलेलं. दोन-चार लोक म्हणतील की हे घरच्यासारखं राहिलं नाही. त्यांना विचारा, तुमच्या स्वतःच्या घरी कोणी बारा महिने फुकट राबतं का, आणि राबत असेल तर तिला आधी विचारून या.

अडचण वेगळीच येणार आहे, आणि ती मला दिसतेय. दादा स्वतःच पैसे घ्यायला तयार होणार नाही. ‘घरच्यांकडून कसले पैसे घ्यायचे?’ म्हणेल, आणि मनापासून म्हणेल, कारण आयुष्यभर त्याची किंमत त्याच्या नाही न म्हणण्यावर ठरत आलीये. तेव्हा सभेत त्याला विचारत बसू नका, भर सभेत तर मुळीच नको. मंडळाच्या खजिनदाराने वहिनींचा खाते क्रमांक मागून घ्यावा आणि भाद्रपदापासून दर महिन्याला त्यात रक्कम जमा करावी.